निबंधावरचं दुसरं नाव

४ मार्च ४९, धाराशिव
निबंध पुरा झाला. मेंढ्यांच्या काळजात चपटे किडे होतात, ते तळ्याकाठच्या कोणत्या गोगलगायीतून येतात, एवढीच गोष्ट. तिच्यात आमचे तीन पावसाळे गेले. आमचे म्हणजे माझे नि रशीदचे. मी जनावरांचा डॉक्टर, तो आरोग्य खात्यातला. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक एकच. त्यावरून आधी भांडलो, मग जोडीनं बसू लागलो.
वर दोन नावं लिहिली. आधी त्याचं. गोगलगाय त्यानं ओळखली.

७ मार्च
प्रयोगशाळेच्या साहेबांनी निबंध परत केला. हे नवीन आलेत, सोलापूरकडचे. यांच्या मंजुरीशिवाय इथलं काम बाहेर छापता येत नाही.
"हा रशीद कुठाय?"
म्हणालो, परंड्याला, सासुरवाडीत. गेल्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तेव्हापासून कामावर नाही.
"मग त्याचं नाव कशाला? तुमचं घाला. खाली प्रयोगशाळेचे आभार माना. झालं."
बाहेर आलो. उगाच बाजारात फिरत राहिलो.

९ मार्च
आज साहेबांशी वाद. शेवटी म्हणाले, "त्याची सही आणा, मग बघू." माणूस वाईट नाही. वरच्यांना भितो. आणि मी? सहा महिन्यांत परंड्याला एकदा तरी गेलो का?

१२ मार्च, परंडा
रशीदची दाढी पांढरी झालीय. सप्टेंबरातल्या दंग्यात त्याचा भाऊ मारला गेला. ठाऊक होतं मला. तरी समोर बसलो नि कागदच पुढं केले.
त्यानं निबंध सावकाश वाचला. मध्येच हसला, "ह्ये वाक्य माझंच चोरलंय." वाटलं, आता सही करतोय.
"चोख झालंय, बसवराज. माझं नाव तेवढं काढा."
"का?"
"छापून आलं की कुणीतरी विचारणार, हा कोण, कुठं राहतो. मला आता कुणी विचारायला नको. काम कुणी केलं ते तुम्हाला मालूम, मला मालूम. बस्स."
"मला बस्स होत न्हाय."
पडद्याआडून भाभी बोलल्या, "भाईजान, हे पोत्यात गोगलगायी भरून घरी आणायचे, तवा मी लई भांडायची. एवढं सोसलं ते बिननावाचं जायचं का?"
रशीद उठून बाहेर गेला. बराच वेळ वाट बघितली. आला नाही. मोटारीची वेळ झाली, निघालो.

१४ मार्च, धाराशिव
साहेबांकडं गेलोच नाही. मासिकाच्या पत्त्यावर पाकीट स्वतः पोस्टात टाकलं. दोन्ही नावं ठेवून. टाकलं नि तिथंच उभा राहिलो. पोस्टमन म्हणाला, "काय राहिलं का, डॉक्टर?"

३ एप्रिल
मासिकाकडून उत्तर नाही. साहेबांनी विचारलं, सही मिळाली का. म्हणालो, बघतो. नोकरीवर आलं तर येऊ दे. पण रशीदनं तोंडावर नको म्हटलं होतं. त्याचं नाव त्याचंच ना? मग मी कोण…
भाभींचं ऐकलं, असं स्वतःला सांगतोय. खरं की सोयीचं, कळत नाही.
छापून आला तर अंक घेऊन परंड्याला जायचं, की तिकडं तोंडच दाखवायचं नाही? टपालाची वेळ झाली की मन कशातच लागत नाही.