एकाच नंबरचे दोन

४ नोव्हेंबर
लागली एकदाची नोकरी! जयसिंगपूरची एसटी धरून कोल्हापुरात आलो, उचगावात खोली घेतली आणि बापूसो शेठच्या मोबाईलच्या दुकानात काउंटरवर उभासुद्धा राहिलो. शेठ तोंडानं फटकळ, पण मनानं मोकळे. माझा जुना फोन बघून म्हणाले, "नागसेन, ह्यो डबा घिऊन उभारू नगंस, गिऱ्हाईक पळंल," आणि कपाटातला एक नवाकोरा काढून हातात ठेवला. भारी कंपनीचा! शेठ जैन, दिवस मावळायच्या आत जेवायला घरी जातात. तेवढा वेळ दुकानाचा मालक मीच.

संध्याकाळी नव्या फोनवरून आईशी बोललो. तानूबाईचा लेक साहेब झाला म्हणून ती अख्ख्या गल्लीला सांगत सुटणार. सांगू दे. घरात आम्ही दोघंच. तिला माझ्याशिवाय आणि मला तिच्याशिवाय आहे कोण?

८ नोव्हेंबर
आज डोकं फिरलं. दुकानातले फोन नकली आहेत. मागं तीन कॅमेरे दिसतात, त्यातले दोन नुसत्या काचा. सिमचा नंबर वेगळा, पण प्रत्येक फोनलाही कारखान्यातून स्वतःचा वेगळा नंबर येतो म्हणे. आमच्याकडं दोन-दोन फोनना एकच. शेठना विचारलं तर हसले. जोडीतले दोन्ही चालू झाले की एक टिकतो आणि दुसरा मुका होतो, त्यात काय एवढं, म्हणाले. मुका फोन घेऊन कोणी आलंच तर पाण्यात पाडला असणार असं ठणकावून सांगायचं. दुपारी एका म्हातारीला मी तसं सांगितलं. ती बिचारी माझीच माफी मागून गेली. फार लाज वाटली.

माझ्या फोनच्या जोडीचा अजून कपाटातच आहे.

११ नोव्हेंबर
आईला फोन केला, तर ती म्हणे, आत्ता सकाळी तर बोललास की. मी बोललोच नव्हतो. तिचं म्हणणं, नाव तुझंच आलं, आवाज तुझाच, जय भीम आई म्हणालास, नोकरी सोडून घरी येतो म्हणालास. वय झालं तिचं, म्हणून हसण्यावारी नेलं. पण जेवण गेलं नाही.

१३ नोव्हेंबर
कपाट उघडून बघितलं. जोडीचा फोन नाही. शेठ वैतागले. "रविवारी तूच आलतास की रं! आईला दितो म्हणून न्हेलास." रविवारी मला सुट्टी होती. दिवसभर खोलीवर कपडे धूत होतो.

आईचा फोन सारखा एंगेज. भीती वाटतेय. सरळच लिहितो, भीती वाटतेय.

१४ नोव्हेंबर
लागला. आईनं विचारलं, कोण बोलतंय. नाव सांगितलं. ती ओरडलीच — माझा नागसेन हितं ताटावर बसलाय, तू कोण रं भामट्या? मागून कोणीतरी तिला समजावलं. तो आवाज माझा होता.

नंतर फोन मुका. रेंज नाही, काहीच —

१५ नोव्हेंबर
एसटीत. ती त्याच्याबरोबर घरात एकटी, आणि तिला माहीतच नाही की —

पोचलो. पायरीवर बसून लिहितोय. आईनंच दार उघडलं. आई म्हणालो. तिनं नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. "कोण पायजे, पावणं?"

दमलेला दिसलो म्हणून तांब्या भरून पाणी दिलं. प्रेमानं दिलं. मी रडलो, तशी घाबरून मागं सरकली.

आता हाक मारतेय. नागसेन, बघ रं कोण आलंय. मी ओ दिली. आतूनही कोणीतरी ओ दिली, एकदमच. आई वळली. त्याच्याकडं —