लाल कार्ड मोज्यात खोवणाऱ्याची निवड

कडेगाव

तीर्थरूप आप्पासो दाजींस,

नाथाजीचा साष्टांग नमस्कार. अक्काच्या पाया पडलो म्हणून सांगा. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? पाटणच्या गारठ्यात तो कुरकुरत असणार. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. ऊस तोडीला आलाय आणि टोळी अजून आलेली नाही, म्हणजे दरवर्षीप्रमाणेच चाललंय. तुम्ही हल्ली माझा फोन उचलत नाही (ऐकू येत नसेल, असं मी घरात सांगतो), म्हणून कागद घेतला.

तुमच्या रागाचं कारण मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी तुम्ही पंच असताना ज्यानं तुमच्या हातातलं लाल कार्ड हळूच काढून स्वतःच्या मोज्यात खोवलं आणि जणू काही घडलंच नाही असा खेळत राहिला, त्या यशराजला यंदा कडेगावच्या संघानं घेतला. घेणारा मी. दाजी, शिव्या घालण्याआधी एवढं वाचा.

यंदा गावांच्या फुटबॉल स्पर्धेत नवी पद्धत काढली. सगळे खेळाडू एका मैदानात उभे करायचे आणि संघांनी चिठ्ठीच्या क्रमानं एकेक उचलायचा. पोरं त्याला ड्राफ्ट म्हणतात. आपल्याकडे त्याला वाटणी म्हणतात, आणि वाटणी म्हटली की भांडण आलंच. पहिली चिठ्ठी आमची निघाली. कुणालाही उचला, अशी मोकळीक. माणसाला एवढी मोकळीक देऊ नये.

माझ्या मनात राजवर्धन पक्का होता. काय पोरगा, दाजी! सगळ्यांच्या आधी मैदानात हजर, मोठ्यांच्या पाया पडणार, सराव संपला की चेंडू गोळा करून जाळीत भरणार. खेळायचा मात्र सत्यनारायणाला बसल्यासारखा, पळीपळीनं. पण चारित्र्य म्हणाल तर धुतल्या तांदळासारखं. उलट यशराज: शिरवळला कारखान्यात क्रेन चालवतो, सरावाला मनात आलं तर येतो, आणि फौजेनं खेळासाठी निवडलेल्या पोरांच्या कंपनीतून भिंत ओलांडून पळून आलेला. मी सुभेदार म्हणून पेन्शनीत निघालेला माणूस. पळून आलेल्याला मी पाणीसुद्धा विचारत नाही.

तो चाचणीला आला तोच उशिरा, पायात चपला. कुणाचे तरी बूट मागून घेतले, ते त्याला मोठे होत होते म्हणून आत वर्तमानपत्र कोंबलं. मी मनात त्याच्या नावावर काट मारली. तेवढ्यात गोलरक्षकानं पलीकडून उंच चेंडू मारला. दाजी, तो चेंडू आभाळातून खाली आला आणि त्याच्या पायावर असा टेकला, जशी लेक माहेरी येऊन उंबऱ्यावर टेकते. आवाज नाही, उसळी नाही. मग तो निघाला. समोर पोरं आडवी येत होती आणि तो त्यांच्यामधून जात होता. धावताना दिसतच नव्हता, वाट त्याच्यापुढं मोकळी होत होती म्हणा ना. मैदानाच्या कडेला भेळवाला होता, त्याचा हात कांद्यावर तसाच राहिला. मी सियाचीनला पहाट उगवताना पाहिलीय. त्यानंतर डोळे निवावेत असं बघितलं ते हेच.

तरी मी राजवर्धनचंच नाव घेणार होतो. आमची प्रशिक्षक दीक्षा (शाळेत खेळाची शिक्षिका आहे, आवाज बारीक, नजर त्याहून बारीक) माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "काका, शिस्त मी लावीन. पन त्याच्या पायात जे हाय, ते मला शिकवता यायचं न्हाई. कुनालाच न्हाई." आणि माझ्या तोंडून यशराजचं नाव निघून गेलं. राजवर्धनला पुढच्याच पाळीला शिरवळवाल्यांनी उचलला.

शिस्तीचं म्हणाल तर दीक्षानं ती आत्ता कुठं लावायला घेतलीय. उपांत्य सामना शिरवळला, शिरवळशीच. यशराज खेळ सुरू व्हायच्या जेमतेम आधी क्रेनच्या ड्यूटीवरून तसाच आला, हाताला ग्रीस. त्यांनी राजवर्धनला त्याला अडवायला ठेवलेला. तो सालस पोरगा पंचाची पाठ फिरली की यशराजचा शर्ट ओढायचा आणि पंच वळला की नम्रपणे हसायचा. बरोबरी होती, खेळ संपत आला होता. कोपऱ्यावरून चेंडू आला, गर्दीत यशराज उडाला आणि चेंडू जाळीत. पंचानं गोल दिला. मी टोपी उडवली (ती अजून सापडलेली नाही), आमची माणसं मैदानात घुसली. आणि हा बहाद्दर चालत पंचाकडे गेला नि म्हणाला, "सायेब, हाताला लागलाय. गोल न्हाई."

पंचालाच धक्का बसला. गोल रद्द झाला. मी रेषेवरूनच ओरडलो, कुणी बघितलं नव्हतं रं गड्या! तो माझ्याजवळून पळता पळता म्हणाला, "आवं काका, असला गोल माज्या नावावर नको. लोकं म्हनतील, ह्येला पायानं जमत न्हाई."

आता याला सचोटी म्हणावी की माज, मला अजून उलगडलेलं नाही. कारण पुढं त्यानं चेंडू मागून घेतला आणि मध्यरेषेच्या थोडं पुढून मारला, थेट जाळीत. गोलरक्षक हलला नाही. बघत राहिला बिचारा, आम्ही सगळेच बघत राहिलो. मग यशराजनं शर्ट काढून कोपऱ्याच्या झेंड्याला अडकवला आणि त्याला सॅल्यूट ठोकला. पंचानं पिवळं कार्ड दाखवलं. दाजी, सॅल्यूट मात्र बिनचूक होता. कोपर जिथं हवं तिथं. पळून यायच्या आधी तेवढं शिकून आला होता. माझा हात आपोआप वर गेला, आणि मी सिव्हिल कपड्यात होतो, ज्यात सॅल्यूट मारायचा नसतो.

असं आहे सगळं. अक्काला सांगा, पोह्याचे पापड पोचले.

आपला,
नाथाजी

ता.क. अंतिम सामना पाटणला आहे आणि पंच तुम्ही आहात. तो पोरगा मैदानात असेल तर शिट्टी हातात धरणार नाही, असं तुम्ही कळवलंय म्हणे. दाजी, धरा. त्याला बाहेर काढायचं तर खुशाल काढा, पण आधी एकदा खेळू द्या. तुम्ही जन्मभर पोरांना फुटबॉल शिकवलात. हे बघायचं राहिलं तर शिकवल्याचं काय चीज?

ता.क. २. त्यानं माफी मागावी म्हणून मी फार समजावलं. तयार आहे म्हणाला. म्हणून पोस्टानं न पाठवता पत्र त्याच्याच हाती दिलंय. टोपी कपाळावर ओढून घे म्हणून सांगितलंय, तेव्हा दारात तुम्ही त्याला ओळखलं नसेल. वाचून होईपर्यंत ओट्यावर गप्प बसायचं, असं बजावलंय. पण तो सांगितलेलं किती ऐकतो हे तुम्ही आत्ताच वाचलंत, तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन बघा. अक्का त्याला वाढत असेल.