सुरतेची पातळं

नाना, शाळा सुटली की मी दप्तरासकट आपल्या जळगावच्या दुकानात यायची आणि गादीवर तुमच्या शेजारी बसून बशीतला चहा प्यायची. तुम्ही नव्या पातळाचा पदर माझ्या मांडीवर टाकून विचारायचात, "हात लावून सांग बरं, कसं आहे?" मला त्यातलं काही कळत नसे, तरी तुम्ही माझं मत घ्यायचात.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला तेव्हाही घेतलंत. दिवाळीच्या मालाचे पहिले गठ्ठे नुकतेच आले होते. पुढचे तिकडेच अडकले, ट्रकवाले सुरतेचं नाव काढू देईनात. मी धुळ्याहून दोन दिवस माहेरी आले होते. यावलची तुमची जुनी गिऱ्हाईक पातळ उलगडून म्हणाली, "नाना, सुरतनं शे का हाई?" तुम्ही म्हणालात, "हो, सुरतेचंच." "मंग सासूले लई जासू, माले नको." सासूला न्यायच्या बोलण्यावर सगळे हसले, तुम्हीही. ती रिकाम्या हाताने गेली. आपले दिवाणजी तुम्हाला हळूच म्हणाले, "भाऊ, बाजारात सगळे किनारीवरचा सुरतेचा शिक्का कापून विकताहेत. आपणही कापू." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "तू शिकलेली आहेस. काय करू?" मी कॉन्व्हेंटच्या सिस्टरांसारख्या ताठ आवाजात म्हणाले, "नाना, ही फसवणूक आहे." तुम्ही कात्री गादीखाली सरकवलीत. लोकांना धीर यावा म्हणून पातळं आठ दिवस दुकानापुढे उन्हात टांगलीत. लोक ती बघत आणि शेजारच्या दुकानात शिरत.

दसऱ्याला त्यातलंच एक जांभळं पातळ घेऊन तुम्ही धुळ्याला येता. माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. मी "छान आहे" म्हणते, आणि तुम्ही हातपाय धुवायला गेल्यावर ते कागदासकट मागच्या गॅलरीत तारेवर टाकून साबणाने हात धुते. तुम्ही येऊन पाहता. टॉवेलने हात पुसत राहता, कोरडे झाले तरी. मग म्हणता, "तिथं ऊन चांगलं येतं." बाळाला न उचलताच तुम्ही दुपारची बस धरता.

संक्रांतीच्या आत दुकान बंद झालं. पुढे शेवटपर्यंत तुम्ही त्याच बाजारात दुसऱ्याच्या गादीवर पातळं उलगडलीत आणि मला एका शब्दानेही दोष दिला नाहीत.

आता मी कपाट रिकामं करते आहे. बांगड्या सुनेला, आईचे पितळी डबे असोद्याच्या वहिनीला, पुस्तकं शाळेला. जांभळं पातळ मुलीला. हे पत्र त्याच्या घडीत ठेवणार होते, पण धीर होत नाही. तिने विचारलं, इतकी वर्षं नेसली का नाहीस? मी म्हणाले, रंग आवडला नव्हता.