दुपारचं ताट

॥ श्री ॥
सिद्धगडाखालची वाडी, ता. मुरबाड
८ जानेवारी २०२४

ती. गोदूआत्या हीस,
रेश्माचा पाया पडून नमस्कार. वि. वि.

तू शनिवारी जीपमध्ये बसलीस ती मागं वळून बघितलं नाहीस, म्हणून मीच लांबपर्यंत हात हलवत राहिले. उद्या तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन. घाबरू नकोस. आदेशदादाने चांगला दवाखाना बघितलाय आणि भातसानगरला सारिकावहिनी आहे. चार आठवडे चुलीच्या धुराजवळ जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, तेव्हा घराच्या काळजीने लवकर पळून येऊ नकोस. आठ वर्षांत मी एवढी मोठी सुट्टी कधी घेतली नव्हती. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, माझं लग्न ठरलं.

इथं मोबाईलला रेंज नाही हे माहीत होतं, पण नाही म्हणजे इतकी नाही हे आता कळलं. पत्र जयरामच्या जीपने मुरबाडला जाईल, तिथून पोस्टाने तुझ्याकडे.

कोंबड्या पाचही ठीक. काळी कोंबडी अंडं कुठं घालते ते सापडत नाही. तुझा भुऱ्या पहिल्या दिवशी जेवला नाही, काल जेवला. ठमी मांजर मला माणसात धरत नाही, दूध मात्र पिते. माझ्या भाकऱ्यांचे नकाशे होतात, त्यातला महाराष्ट्र अजून जमला नाही.

एक गंमत सांगते. दुपारी साडेबाराच्या सुमाराला भुऱ्या ओटीवरून उठतो, शेपूट हलवत मागच्या दारापाशी जातो, आणि कुणाच्या तरी पायात घोटाळत परत आत येतो. मग तो आणि ठमी दोघंही चुलीजवळच्या तुझ्या पाटाशी बसतात. शेतावरून यायची तुझी वेळ त्यांच्या अंगात मुरली असणार. मुक्या जनावरांना तू चांगलीच सवय लावून ठेवलीस.

सगळ्यांना नमस्कार सांग. तुझी माया मला पुरून उरते, ती तशीच असू दे.

तुझी,
रेश्मा


॥ श्री ॥
भातसानगर, ता. शहापूर
१२ जानेवारी २०२४

चि. रेश्मा हीस,
गोदूआत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

माझ्या डोल्याला पट्टी हाय, म्हणून सारिका लिवते. मी बोलते तसंच लिव म्हनून तिला सांगितलंय. आप्रेशन बरं झालं. दुखलं नाय. ह्या कॉलनीत नळाला चोवीस तास पानी हाय, पन कराया काय नाय. नातीचं, मितालीचं दप्तर भरून दिलं का माझा दिवस संपला. मी जन्मात कधी दुपारची निजले नव्हते गो, आता जेवायच्या वेलेलाच डोला लागतो.

आनि डोला लागला का मी घरी येते. सपान नाय म्हनत मी त्याला. मागच्या वाटेनं येते, चांगली चालत येते, गुडघा पन दुखत नाय. तू तवा दाराकडच्या खिल्याला टांगलास, तो चुलीमागच्या खिल्याला टांग. काली कोंबडी उखलीमागच्या जुन्या टोपलीत बसते, तिकडं बघ. भाकरीच्या पिठाला पानी कढत घे, तू कोमट घेतेस. आनि बुधवारी मोबाईलवर काय वाचत बसलीस आनि भात लागला, टोपाचा तल खरवडून तू गुपचूप गोठ्यामागं टाकलास. मी बगितलं. रागावले नाय, हसले.

भुऱ्याला सांग आत्या हाय म्हनून. नाय सांगितलंस तरी त्याला ठाऊक हाय. जिवाला जप, मला अंतर देऊ नको.

तुझी आत्या, गोदू

ता. क. रेश्माताई, मी सारिका. आईंनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं. त्या उठल्यावर अशा बोलतात आणि आम्ही सगळे हसतो. फक्त उठल्या की म्हणतात, मी घरून जेवून आले. मग ताटावर बसत नाहीत. बाकी ठीक.


॥ श्री ॥
सिद्धगडाखालची वाडी
१८ जानेवारी २०२४

ती. गोदूआत्या हीस,
रेश्माचा पाया पडून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र चुलीसमोर बसून वाचलं आणि मग उठून ओटीवर उन्हात जाऊन परत वाचलं. उखळीमागच्या टोपलीत सहा अंडी होती. त्याचं एक वेळ समजू शकते, तुझी कोंबडी तुला ठाऊक. पण भात त्या बुधवारीच लागला. टोपाची खरवड मी गोठ्यामागं टाकली ते मी कुणालाही सांगितलेलं नाही, आणि सांगायला इथं होतं कोण?

पहिल्या दिवशी भीती वाटली, खोटं कशाला बोलू. साडेबाराला भुऱ्या उठला तशी मी भिंतीला टेकून उभी राहिले. तो आत आला, त्याच्या मागून ठमी आली. ठमी तुझ्या पाटावर अंग मुडपून बसली, आणि मी बघत असताना तिच्या पाठीवरचे केस मानेपासून शेपटीपर्यंत दबत गेले, जसा कुणी हात फिरवावा. परत मानेपासून. तिनं डोळे मिटून घेतले होते.

मग मी तुझं ताट वाढलं. दुसरं काय सुचणार? तेव्हापासून रोज वाढते. भात, कालवण, कांदा. अर्ध्या तासाने बघितलं तर भात तेवढाच असतो, पण मध्ये चार बोटांचा खळगा पडलेला असतो. एकदा त्यातला घास तोंडात घालून बघितला. त्याला चवच नव्हती आत्या, मिठाची नाही, तांदळाचीही नाही. कापूस चावल्यासारखं लागलं. भुऱ्या त्या ताटाला तोंड लावत नाही.

आता भीती गेली. उलट मी अकरापासून तुझी वाट बघते. आसनगावच्या खोलीत मी एकटी. सकाळी उभ्यानेच चहा-चपाती, रात्री टीव्हीसमोर जे असेल ते. आई-बाबा गेल्यापासून माझ्या बाजूला कुणी जेवायला बसलं नव्हतं. भाकरी आता गोल होते. तुला काय खावंसं वाटतं ते कळव, मी करीन.

डोळा जप. आणि येत जा.

तुझी,
रेश्मा


॥ श्री ॥
भातसानगर
२२ जानेवारी २०२४

चि. रेश्मा हीस,
आत्याचा आशीर्वाद. वि. वि.

कुलथाचं पिठलं कर. लसून जरा जास्ती घाल. सुकट भाजशील तर खिडकी उघडी ठेव. तुझ्या हाताला आता चव आली गो. मला हिकडं करमत नाय. हिकडं मी पाव्हनी, तिकडं मी घरात.

आत्या

(सोबत वेगळा कागद)

रेश्माताई, मायन्याशिवायच लिहिते, घाईत आहे. सा. न.

वरच्या चार ओळी सांगता सांगता आईंना झोप लागली. आता त्या सकाळी अकराला झोपतात ते पाचशिवाय उठत नाहीत. पंधरवड्यात पाच किलो वजन उतरलंय, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जातात. डॉक्टर म्हणतात डोळा उत्तम आहे, रक्ताचे रिपोर्टही चांगले आहेत, बीपी तेवढं कमी आहे, खायला घाला. पण घालू कसं? समोर ताट ठेवलं की सांगतात, रेश्माकडं पोटभर जेवले. तुम्ही त्या दिवशी जे रांधलं असेल त्याचा वास त्यांच्या हाताला येतो. शनिवारी सुकटीचा येत होता. आमच्या घरात सुकट आणलेलीच नाही.

काल साडेपाच वाजले तरी उठेनात. यांनी हलवलं, मितालीने रडत हाका मारल्या. अंग गार पडलं होतं. शेवटी डोळे उघडले आणि आपल्या मुलाकडे बघून मला विचारलं की हा माणूस कोण.

तुम्ही तिकडं काय करता ते मला ठाऊक नाही. तुमची पत्रं मीच त्यांना वाचून दाखवते, म्हणून थोडं ठाऊक आहे. जे करताय ते थांबवा. यांना ड्युटीमुळे वाडीपर्यंत यायला टाइम नाही, पण हे पत्र पोस्टात न टाकता ते स्वतः मुरबाडला जाऊन जयरामच्या हातात देणार आहेत.

तुमची,
सारिका


॥ श्री ॥
सिद्धगडाखालची वाडी
२६ जानेवारी २०२४

सौ. सारिकावहिनीस,
रेश्माचा स. न. वि. वि.

हे पत्र आत्याला वाचून दाखवू नकोस.

तुझं पत्र मंगळवारी संध्याकाळी मिळालं. बुधवारी सकाळी मी चुलीत पाणी ओतलं. राख भरून बाहेर टाकली, टोप घासून पालथे घातले, पिठाचा डबा वर ठेवला. आत्याचं ताट धुऊन भिंतीला उभं केलं. कोंबड्यांना तांदूळ टाकले, भुऱ्याला आदल्या दिवशीची भाकरी दिली, मी बिस्किटं खाल्ली. साडेबाराला दोन्ही जनावरं उठली, मागच्या दाराशी गेली, परत आली. पाटाशी बसली.

मी समोर बसले. काय बोलायचं ते सकाळपासून मनात जुळवत होते, ते सगळं विसरले. शेवटी एवढंच म्हटलं, "आत्या, इथं आज काही शिजलेलं नाही. उद्याही शिजणार नाही. तू तिकडं जाऊन जेव."

काहीच झालं नाही. बराच वेळ मी भिंतीला उभ्या केलेल्या ताटाकडे बघत होते. मग भुऱ्या माझ्यावर गुरगुरला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. आत्याच्या घरात, तिच्याच चुलीसमोर, मी तिला उपाशी घालवली. तिनं मला लहानपणी भरवलेलं आहे गं. आईच्या आजारपणात वर्षभर मी या घरात तिच्या ताटात जेवले. मी उठले नाही, पण मला रडू आवरलं नाही.

कालही चूल पेटवली नाही. आजही नाही. तिकडची हकीकत लगेच कळव. जीव टांगणीला लागला आहे.

तुझी नणंद,
रेश्मा


॥ श्री ॥
भातसानगर
३० जानेवारी २०२४

प्रिय रेश्माताई,
सारिकाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

बुधवारी दुपारी एकच्या आत आई आपणहून उठून बसल्या आणि जेवायला मागितलं. तीन भाकऱ्या खाल्ल्या, वर ताकभात. खाताना डोळ्यांतून पाणी येत होतं, ऑपरेशनच्या डोळ्याला ते चांगलं नाही म्हणून मी पुसत होते. म्हणाल्या, कुणीतरी मला दारातून उपाशी परत पाठवलं. कोणी, ते त्यांना आठवत नाही. आम्हीही विषय काढला नाही.

तेव्हापासून दुपारी झोपत नाहीत. मितालीला ओरडतात, माझ्या आमटीला नावं ठेवतात, मला इतकं बरं वाटतं. वजन भरून येतंय. ४ तारखेला हे त्यांना वाडीला सोडतील. स्वयंपाकाला गॅसच वापरायचा असं कबूल करून घेतलंय. तुम्ही त्याच गाडीने परत या म्हणजे सोमवारी कामावर हजर व्हाल.

तुमचे उपकार म्हटले तर तुम्ही रागवाल. नुसती आठवण ठेवते.

तुमची,
सारिका


॥ श्री ॥
वाडी
१३ फेब्रुवारी २०२४

चि. रेश्मास,
आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी माझ्या हातानं लिवते. चौथी पास हाय, अक्षर लागलं नाय तर दोनदा वाच. डोल्यानं लख दिसतं. सिद्धगडावरची झाडं पन एकेक दिसतात.

तू गेलीस त्या दिवशी तुला बोलले नाय. गाडी उभी होती, आदेश घाई करत होता. मी जीपमधून उतरले तवा भुऱ्या माझ्यावर भुकला ते तू बगितलंस. तू म्हनालीस डोल्यावरच्या काल्या चष्म्यामुलं. चष्मा काढला तरी भुकला. आता भुकत नाय, पन मी हाक मारली तर येत नाय. ठमी माझ्या हातचं दूध पिते आनि लांब जाते.

दुपारी दोघं मागच्या दाराला जातात. मी इथं घरात बसलेली, आनि ते तिला आनायला जातात. मग तिच्या पाटाशी बसतात. मी ओटीवर बसते.

आता मला सगलं आठवलं. तू बोललीस ते पन आठवलं. तू बरोबर केलंस, नायतर मी तिकडं निजल्या जागी गेले असते. तुझ्यावर राग नाय. पन तू जा म्हनालीस तवा अर्धीच गेले गो. मी तिकडं जाऊन जेवले. एक हिकडंच राहिली.

पयले दोन दिवस मी काय वाढलं नाय. घर असं गार पडलं का भर दुपारी घोंगडी घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी ताट वाढलं. त्याला तिनं बोट लावलं नाय. भात मोकला तसाच, मी संध्याकाली खाऊन बगितला तर चांगला चवीचा. रोज वाढते, रोज तसाच राहतो. आज सातवा दिवस. तिला माझ्या हातचं नको. भुऱ्याचं तोंड सारखं जीपच्या रस्त्याकडं असतं, त्याची वाट बगायची रीत मला ठाऊक हाय. तो एकटा वाट बगत नाय.

मला तिची भीती वाटत नाय. माझीच हाय ती. पन उपाशी हाय, ते मला बगवत नाय. सुट्टी मिलेल का? नाय मिलाली तर मी समजून घेईन. तुझ्या जिवाला घोर लावायचा नव्हता, पन दुसरं कुनाला लिवू?

तुझी आत्या, गोदू


॥ श्री ॥
आसनगाव
१७ फेब्रुवारी २०२४

ती. गोदूआत्या हीस,
रेश्माचा पाया पडून नमस्कार. वि. वि.

पत्र काल मिळालं, आज अर्ज दिला. साहेबांनी आत्ताच महिनाभर सुट्टी झाली ना म्हणून विचारलं. घरातलं माणूस आजारी आहे असं सांगितलं. त्यांनी कोण म्हणून विचारलं, मी आत्या म्हटलं. खोटं बोलले असं मला वाटत नाही.

गेले दहा दिवस मीही इथं साडेबाराला डबा उघडते आणि घास उतरत नाही. बाजूच्या टेबलावरची प्रियांका म्हणते, तू सारखी कुणाला तरी जागा करून देत असल्यासारखी सरकून बसतेस. तिला काय सांगणार?

पुढच्या शनिवारी सकाळच्या जीपने येते. कुळीथाचं पीठ आणि लसूण इथून आणते. माझ्यासाठी काही करून ठेवू नकोस. धूर तुझ्या डोळ्याला चालणार नाही, म्हणून मी चूल पेटवीन तेव्हा तू ओटीवरच बस. दोन ताटं आत वाढीन, तिचं आणि माझं. तिच्याशी काय बोलायचं ते या वेळी आधी जुळवत नाही. एवढंच सांगायचंय की त्या दिवशी घरात पीठ होतं, चूल मीच विझवली.

मग तिचं पोट भरलं की तिला हाताला धरून बाहेर तुझ्याजवळ आणते. आली तर बरं. नाही आली तर रविवारी परत वाढीन, सोमवारी परत. अर्जात परत यायची तारीख लिहिलेली नाही.

तुमच्या दोघींची,
रेश्मा