शेवाळावरचे बूट

रवि. १० ऑगस्ट
धाकटी जाऊ मनीषा आन् मी वेरूळला, लेण्यांच्या वरच्या जंगलात, धबधब्याकडं. तिची वनरक्षकाची धावण्याची चाचणी ३१ ला. चढावर सराव होईल म्हणून मीच नेलं. नवे बूट घालून ती भराभर पुढं. मला धाप.
धबधब्यापाशी शेवाळलेला कातळ. मी चपला हातात घेऊन ओलांडला आन् हाक मारली, "ये गं!" ती बुटासकट आली. घसरली.
घोट्याचं हाड मोडलंय.

सोम. ११
सहा आठवडे प्लास्टर. पुढच्या भरतीला वय बसत नाय. हीच शेवटची होती.
सासूबाई : "सुनंला कशाला पायजे रानावनातली नोकरी? देवानंच ऐकलं."
मनीषा म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं." मी चहा टाकायला उठले.

गुरु. १४
झोप नाय.
मी दर श्रावणात तिथं जाते. त्या कातळावर पायातलं काढून जायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठावं. ती पैठणची. तिला कोण सांगणार? मीच ना!
माझं डी.एड. झालेलं. नोकरीचा कागद आलेला. सासूबाई नको म्हणाल्या, मी भाकऱ्या थापत बसले. बारा वर्षं झाली. ही पहाटं पळायला निघाली की मी मनातल्या मनात जळायचे. इथं तरी खरं लिहिते.
ती पडावी असं मनात नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. पण पास व्हावी असं तरी कुठं होतं?

शनि. १६
शेजारणी बघायला आल्या. सासूबाई एकेकीला सांगतात, "थोरलीनं खांदा देत डोंगर उतरवला हिला. अशी जाऊ नशिबानं मिळती."
करून-सवरून मी नामानिराळी. लई लाज वाटली.
तिचे बूट धुऊन उन्हात ठेवले. कशाला, काय माहीत.

मंगळ. १९
दुपारी तिची वेणी घालत होते.
"ताई, एक विचारू?"
"विचार की."
"तुम्ही चपला काढताना मी बघितलं. वाटलं, भिजू नयेत म्हणून काढल्या. तेवढ्यासाठीच ना?"
माझ्याकडं पाठ. तोंड दिसंना. व्हय म्हणाले असते तर मिटलं असतं. तिनंच वाट करून दिली होती.
सासूबाईंनी हाक मारली. अर्धी वेणी तशीच सोडून उठले.
संध्याकाळी बघितलं, उरलेली तिनं घातली नव्हती. अजून तशीच बसलीय.