कठड्यातला पिंपळ

बोरिवली (पूर्व),
१४ ऑक्टोबर १९८६

प्रिय जयूदादा,

तुला आणि अनुपमावहिनीला नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. माझं डोकं मात्र ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण आपले अण्णा.

सोसायटीच्या फाटकावर बसवायला चिन्ह हवं होतं. घरात कमर्शियल आर्टिस्ट मुलगी असताना बाहेर कशाला सांगायचं, म्हणून अध्यक्षमहाराजांनी, म्हणजे अण्णांनी, ते माझ्या गळ्यात मारलं. मी मुद्दाम कान्हेरीला जाऊन आले. तिथे मोठ्या लेण्यात खांबावर कठड्यातला बोधिवृक्ष कोरलाय, हत्ती त्याला पाणी घालतायत. मग टाकीजवळच्या पिंपळाचं जाळी पडलेलं पान समोर घेऊन बसले. पानाच्या शिरांच्या फांद्या केल्या आणि भोवती लेण्यातला तो कठडा. गोल, बंद, नेटका. मीच माझ्यावर खूश!

सेक्रेटरी श्यामकांतकाका म्हणाले, "झकास! फक्त वर टीव्हीचा अँटेना टाक ना, मॉडर्न वाटेल." ते मी हसण्यावारी नेलं. पण अण्णा?

"कठडा उघडा ठेव."

"अण्णा, लेण्यात तो बंदच आहे."

"असू दे. आपला उघडा ठेव."

डावीकडे फट ठेवली, नको. मागे ठेवली, नको. "समोरून ठेव. माणूस जाईल एवढी." बोटभर चित्रातून माणूस जाणार कसा, दादा? काल शेवटी मी ओरडलेच, "कोण येणार आहे हो त्यातून?"

 अण्णा चष्मा पुसत बसले, मग न जेवताच जाऊन पडले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तुमच्या लग्नाच्या दिवशी "या घराचं दार तुला बंद" असं तेच म्हणाले होते ना? त्यानंतर तुझं नाव त्यांनी कधी काढलं नाही. आता तेच दार उघडं करून माझ्या हातून लोखंडात घडवून घेतायत.

खरं सांगू? मला रागच आला. त्यांच्या गोळ्या मी आणते, बोलणी मी खाते, आणि वाट तुझ्यासाठी. रात्री रडूही आलं.

फट ठेवलीय, समोरूनच. चित्राची पार वाट लागलीय आणि दिवाळीत ते तसंच फाटकावर चढणार आहे. अण्णा तोंडाने बोलावतील याची वाट बघू नकोस. दोघं या. तू आत आलास की मी तो कठडा जोडून घेणार आहे. मला माझं चित्र परत हवंय.

तुझी वैतागलेली,
कुंदा