आधी वाहिलेलं फूल

जागृती,

भंतेजींना घ्यायला उधना स्टेशनवर जाते आहे, तिथून थेट विहारात. पप्पांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम दहाला सुरू होईल. धम्मरत्न म्हणाला, तू येणार नाहीस.

काल घरी वंदनेच्या वेळी तू बुद्धमूर्तीच्या आधी पप्पांच्या फोटोला फूल वाहिलंस. चंद्रभागाआत्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आधी बुद्धाला, मग माणसाला. एवढंही कुणी शिकवलं नाही का?" नणंद म्हणून ते मी शिकवायला हवं होतं. तुझ्या माहेरी ही रीत नाही हे ठाऊक असून मी तुला आधी सांगितलं नाही. त्याबद्दल माफ कर.

तू मात्र दुसरं फूल उचलून मूर्तीपुढे ठेवलंस आणि गाथा संपेपर्यंत हात जोडून बसलीस. मग आत्यांनाच तुझ्या गुजरातीत विचारलंस, "चा पीशो ने, फोई?" आणि कप दोन्ही हातांनी पुढे केलास. मी लहानपणापासून विहारात जाते. रीत मला पाठ आहे, पण अदब तुझ्याकडून शिकावी.

आज भंतेजींना चीवर, त्यांचं अंगावरचं वस्त्र, आपल्या घरातून द्यायचं आहे. पप्पांच्या फोटोसमोर मला अजून उभं राहवत नाही. एकटीने द्यायला मला जमणार नाही. आपण दोघी मिळून देऊ.

तुझी पांढरी साडी इस्त्री करून कपाटाच्या दाराला लावली आहे. आत्यांना मघाशी फोनवर सांगितलं, जागृती माझ्या शेजारी बसेल. त्या म्हणाल्या, "मग कुठे बसणार? सून आहे ती आपली."

रूपाली